हळदीचं नॅनो जेल: कोल्हापुरात, लहान प्रमाणावर, पण नीट

ग्लासभर पाण्यात चिमूटभर हळद ढवळा आणि रात्रभर झाकून ठेवा. सकाळी तळाला गाळ बसलेला असतो आणि वर राहिलेलं पाणी फिकट पिवळसर. ज्या कर्क्युमिनसाठी, म्हणजे हळदीतल्या पिवळ्या घटकासाठी, आपण हळद वापरतो ते जवळजवळ सगळं त्या गाळात असतं. त्यामुळे हळदीचा काढा गाळून कोरफडीच्या जेलमध्ये ओतला, तर जेल पिवळं दिसतं, लेबलवर हळद लिहिता येते, पण त्वचेच्या वाट्याला फारसं काही येत नाही. बाजारातल्या बऱ्याच 'हर्बल' जेलचं हेच आहे.

नॅनो तंत्राचा उपयोग इथे होतो. कर्क्युमिन आधी तेलात विरघळवायचं, त्या तेलाचे 20 ते 200 नॅनोमीटरचे थेंब करायचे आणि ते पाण्यात टिकवून धरायचे. हे झालं नॅनोइमल्शन. ते जेलमध्ये मिसळलं की नॅनोइमल्जेल. डोक्याचा केस साधारण 50 हजार ते 1 लाख नॅनोमीटर जाड असतो, यावरून थेंबाच्या आकाराचा अंदाज यावा.

फार्मसी किंवा रसायनशास्त्राचे विद्यार्थी, बचत गटातून साबण-क्रीम करणाऱ्या ताई आणि स्वतःचा छोटा ब्रँड काढू पाहणारी मंडळी डोळ्यांसमोर ठेवून खालची कृती लिहिली आहे. 100 ग्रॅमची चाचणी बॅच साध्या प्रयोगशाळेत होते. विकायचं असेल तर परवाना लागतो, त्याचं शेवटी सांगतो.

आधी ठरवा, नॅनो लागतंय का?

ज्येष्ठमध, आवळा, ग्रीन टी यांच्यातले बरेचसे उपयोगी घटक पाण्यात उतरतात. त्यांचा अर्क सरळ जेलच्या पाण्यात घाला, काम झालं. त्यांना नॅनो करणं म्हणजे खर्च वाढवणं. कर्क्युमिन, ई जीवनसत्त्व, सुगंधी तेलं, बियांची तेलं ही पाण्याला दाद न देणारी मंडळी. नॅनोइमल्शन करायचं ते यांच्यासाठी.

त्वचेचा सगळ्यात वरचा मृत पेशींचा थर जेमतेम 10 ते 20 मायक्रॉन (1 मायक्रॉन म्हणजे 1000 नॅनोमीटर) जाडीचा असतो, पण तोच खरा पहारेकरी. साधारण 500 डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं माप) मोठा रेणू त्यातून सहसा पार होत नाही. कर्क्युमिनचा रेणू 368 डाल्टनचा, म्हणजे आकाराने बसतो. अडतं ते विरघळण्यापाशी. बारीक थेंबांमुळे तेलाचा पृष्ठभाग प्रचंड वाढतो, त्वचेवर पातळ आणि सारखा थर बसतो, काही थेंब केसांच्या मुळांशी साठतात आणि तिथून कर्क्युमिन हळूहळू सुटतं. अख्खा थेंब कातडी भेदून रक्तात जातो वगैरे जाहिरातीत म्हणतात, तसं इथे घडत नाही. सौंदर्यप्रसाधनात ते घडायलाही नको.

चांदीच्या वाटेला जाऊ नका

'वनस्पतीपासून नॅनो' असं शोधलं की सगळ्यात आधी समोर येते ती चांदी. तुळशीचा किंवा कडुलिंबाचा पाला उकळायचा, तो अर्क 1 मिलिमोलर सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात ओतायचा, द्रावण तपकिरी झालं की चांदीचे नॅनोकण तयार. प्रकाश किती शोषला जातो ते मोजणाऱ्या यंत्रावर 400 ते 450 नॅनोमीटर तरंगलांबीच्या दरम्यान शोषणाचं शिखर दिसतं. कॉलेजच्या प्रोजेक्टला हे छान आहे. रंग बदलताना बघायला मजा येते आणि पेपरही लिहून होतो.

चेहऱ्याला लावायच्या जेलमध्ये मात्र मी ते घालणार नाही आणि तुम्हीही घालू नका. द्रावणात न बदललेले चांदीचे आयन (विरघळलेले, विद्युतभार असलेले अणू) किती उरले, ते मोजल्याशिवाय कळत नाही. कण कालांतराने एकमेकांना चिकटून मोठे होतात. चांदी शरीरात साठत गेली तर त्वचा कायमची करडी-निळी पडते, त्याला आर्जिरिया म्हणतात. युरोपीय संघाने 2024 च्या नियमाने सौंदर्यप्रसाधनांतल्या नॅनो रूपातल्या कलिल (द्रवात तरंगत राहणाऱ्या) चांदीवर, सोन्यावर, तांब्यावर आणि प्लॅटिनमवर बंदी आणली. 'पाल्यापासून केलंय, म्हणून सुरक्षित' हा युक्तिवाद तिथे टिकत नाही, कारण पाला फक्त आयनांचे कण करणाऱ्या रसायनाचं काम करतो, उरते ती चांदीच. हुपरीची चांदी पायात शोभते, गालावर तिचं काम नाही.

तेलाचे थेंब वेगळे. ते विरघळतात, मोडतात, त्वचेतल्या तेलांत मिसळून जातात. युरोपच्या 1223/2009 या नियमात 'नॅनोमटेरियल' म्हणजे न विरघळणारं किंवा शरीरात टिकून राहणारं, मुद्दाम बनवलेलं, 1 ते 100 नॅनोमीटरचं द्रव्य. साधं नॅनोइमल्शन त्या व्याख्येत बसत नाही. नवख्या माणसाने याच वाटेने जावं.

कच्चा माल

हळद म्हटलं की आपल्याला शेजारची सांगली आठवते आणि ते बरोबरच आहे. पण या कामाला दळलेली हळद घेऊ नका. भुकटीत कर्क्युमिनॉइड (कर्क्युमिन आणि त्याचे भाऊबंद) साधारण 2 ते 5 टक्के असतात, बाकी स्टार्च आणि तंतू, आणि ते जेलमध्ये खरखर करतात. शिवाय सुट्या भुकटीत मेटॅनिल यलो किंवा लेड क्रोमेटची भेसळ असू शकते. 95 टक्के कर्क्युमिनॉइडचा प्रमाणित अर्क घ्या आणि त्या लॉटचं विश्लेषण प्रमाणपत्र मागा. प्रमाणपत्रावर शिसं, आर्सेनिक, उरलेलं सॉल्व्हंट आणि जिवाणूंची संख्या असली पाहिजे. 'पाठवतो, पाठवतो' म्हणणाऱ्याकडून माल घेऊ नये.

तेल म्हणून एमसीटी, म्हणजे खोबरेल किंवा पामतेलापासून काढलेलं मध्यम साखळीचं तेल. ते पातळ असतं, वास नसतो आणि सहजासहजी खवट होत नाही. घाण्याचं शेंगदाणा किंवा करडई तेल जेवणात उत्तम, पण त्याचे लांब साखळीचे रेणू कमी ऊर्जेच्या पद्धतीने बारीक थेंबात मोडायला फार त्रास देतात.

सर्फॅक्टंट, म्हणजे तेलाचे थेंब पाण्यात धरून ठेवणारा घटक, म्हणून पॉलिसॉर्बेट 80, सगळे त्याला ट्वीन 80 म्हणतात. त्याचं एचएलबी मूल्य (पाण्याकडे कल की तेलाकडे, याचं माप) 15, म्हणजे पाण्याकडे झुकणारं. एक गोष्ट दुकानदार सांगत नाही: उघडून ठेवलेल्या ट्वीनच्या आणि पीईजीच्या (पॉलिइथिलीन ग्लायकोल, खालच्या कृतीत येतं) जुन्या बाटलीत पेरॉक्साइड साठत जातात आणि ते कर्क्युमिन खातात. लहान बाटली घ्या, उघडल्याची तारीख लिहा, उन्हापासून लांब ठेवा. 'शंभर टक्के वनस्पतीजन्य' असा दावा करायचा असेल, तर ट्वीनमधलं ओलेइक आम्ल वनस्पतीचं की जनावराच्या चरबीचं, हेही पुरवठादाराकडून लेखी घ्यावं लागेल.

जेल धरायला बहुतेक लोक कार्बोपोल वापरतात, कारण ते काचेसारखं दिसतं. इथे त्याच्या दोन अडचणी आहेत. एक म्हणजे ते पेट्रोलियमपासून आलेलं आहे, वनस्पतीजन्य नाही. दुसरी जास्त महत्त्वाची: क्षार लागले की कार्बोपोल पाणी सोडतं, आणि कोरफडीत क्षार भरपूर. दाट झालेलं जेल कोरफड घातल्यावर पाचच मिनिटांत सरबत होतं, ते यामुळे. शिवाय कार्बोपोल घट्ट करायला ट्रायइथेनॉलअमाइनसारखा अल्कली घालावा लागतो, आणि अल्कलीत कर्क्युमिन लालसर होऊन मोडतं. एकदम जास्त घातला तर पिवळ्या जेलमध्ये भगव्या-लाल रेघा उठलेल्या डोळ्यांनी दिसतात. म्हणून मी झँथन गम सुचवतो. ते किण्वनातून मिळतं, क्षार सोसतं, आम्लाच्या बाजूलाही टिकतं. पारदर्शकता थोडी कमी आणि बोटाला किंचित तार सुटते, एवढं मान्य करायला हवं.

कोरफडीचा ताजा गर वापरण्याचा मोह मोठा असतो, परड्यात कुंडी असतेच. पण पानाच्या सालीखालचा पिवळा चीक, ज्यात अ‍ॅलोइन असतं, नीट निथळला नाही तर त्वचेला खाजवतो. सौंदर्यप्रसाधनांतल्या कोरफडीत अँथ्राक्विनोन (याच चिकातले घटक) 50 पीपीएमच्या, म्हणजे दहा लाखात 50 भागांच्या, वर नसावेत असं मानतात, आणि घरी ते मोजता येत नाही. वर गर दोन दिवसांत तपकिरी पडतो. सुरुवातीला 200 पट घट्ट केलेली कोरफडीची पावडर घ्या.

पाणी डिस्टिल्ड किंवा डीआयनाइज्ड, तेही ताजं. बोअरचं किंवा नळाचं उकळलेलं पाणी चालत नाही, कारण उकळून कॅल्शियम-लोह पूर्ण जात नाही. बॅटरीत घालायचं पाणीही नको, त्याची जंतूंच्या अंगाने कुणी हमी घेत नाही.

सामान

0.01 ग्रॅम दाखवणारा काटा, तापवणारा मॅग्नेटिक स्टरर, 100 आणि 250 मिलिलिटरचे काचेचे बीकर, थर्मामीटर, ड्रॉपर किंवा सिरिंज, आणि पीएच मीटर. पीएच पट्टीवर पैसे घालवू नका: हळद पट्टीलाच पिवळी करते आणि वाचन काहीही येतं. मीटर दरवेळी 4 आणि 7 च्या बफरवर (ठरलेल्या पीएचच्या द्रावणावर) लावून घ्या. शाळा-कॉलेजांना प्रयोगशाळेचं सामान पुरवणारी दुकानं शहरात आहेत, तिथे हे सगळं मिळतं.

किचनमधला मिक्सर किंवा हँड ब्लेंडर नॅनो करत नाही. त्याचे थेंब मायक्रॉनमध्ये असतात, वर हवा भरते. प्रोब सॉनिकेटर (ध्वनिलहरींनी थेंब फोडणारं यंत्र) असेल तर उत्तम, पण बीकर बर्फात ठेवून थोडा-थोडा वेळच चालवा, आणि प्रोबच्या टोकाचे टायटॅनियमचे काळे कण पडतात ते गाळून घ्या. खालची कृती सॉनिकेटरशिवायची आहे.

कृती: 100 ग्रॅमसाठी

नॅनोइमल्शनचा भाग, एकूण 40 ग्रॅम: एमसीटी तेल 2 ग्रॅम, ई जीवनसत्त्व 0.1 ग्रॅम, कर्क्युमिन अर्क 0.03 ग्रॅम, ट्वीन 80 चार ग्रॅम, प्रॉपिलीन ग्लायकोल किंवा पीईजी 400 दोन ग्रॅम, पाणी 31.87 ग्रॅम.

जेलचा भाग, एकूण 60 ग्रॅम: झँथन गम 1 ग्रॅम, ग्लिसरीन 4 ग्रॅम, कोरफड पावडर 0.1 ग्रॅम, सोडियम फायटेट किंवा डायसोडियम ईडीटीए (धातूंचे अंश बांधून ठेवायला) 0.1 ग्रॅम, फिनॉक्सीइथेनॉल (प्रिझर्व्हेटिव्ह) 0.9 ग्रॅम, इथाइलहेक्सिलग्लिसरीन 0.1 ग्रॅम, पाणी 53.8 ग्रॅम. शिवाय पीएच लावायला सायट्रिक आम्लाचं 10 टक्के द्रावण.

कर्क्युमिन एवढं कमी का, असं प्रत्येक जण विचारतो. 0.03 टक्क्यालाही जेल लिंबासारखं पिवळं होतं. प्रमाण वाढवत गेलात की गिऱ्हाईक लग्नाच्या हळदीतून उठून आल्यासारखं दिसू लागतं, आणि उशीच्या अभ्र्यावरचे डाग घेऊन ते तुमच्याकडेच येतं. रंग अजिबात नको असेल तर टेट्राहायड्रोकर्क्युमिन हे रंगहीन रूप मिळतं. महाग आहे, पण चेहऱ्याच्या जेलला तेच योग्य, असं माझं मत.

सुरुवातीला टेबल, काटा, बीकर 70 टक्के अल्कोहोलने पुसा, हातमोजे आणि टोपी घाला. खिडकीतून थेट ऊन पडत असेल तर पडदा ओढा, कर्क्युमिनला उजेड मानवत नाही.

पहिली पायरी. कोरड्या बीकरमध्ये तेल, ई जीवनसत्त्व, ट्वीन आणि ग्लायकोल घ्या. 60 अंशांपर्यंत तापवा, कर्क्युमिन टाका आणि ढवळत राहा. द्रव केशरी आणि पूर्ण नितळ झाला पाहिजे. बीकर उजेडासमोर धरून तळाशी एखादा कण दिसतो का बघा. कण असेल तर अजून ढवळा. न विरघळलेलं कर्क्युमिन पुढे काही केलं तरी विरघळत नाही, महिनाभराने ते जेलमध्ये सुईसारख्या स्फटिकांच्या रूपात दिसतं.

दुसरी पायरी खरी कसोटीची, इथे घाई करायची नाही. मिश्रण 40 अंशांवर आणा, पाणीही 40 अंशांवर ठेवा. स्टरर मध्यम वेगावर, मिनिटाला साधारण 600 ते 800 फेरे. पाणी सिरिंजने थेंब-थेंब सोडा, सेकंदाला एक थेंब पुरे. पहिले काही मिलिलिटर काहीच होत नाही. मग द्रव दाटायला लागतो. आणखी थोडं पाणी गेलं की तो मधासारखा, कधी चक्क थिजलेल्या तुपासारखा होतो आणि स्टररचा दांडा आत अडकून टकटक वाजतो. घाबरून एकदम पाणी ओतू नका. पाणी थांबवा, काचेच्या कांडीने हाताने फिरवा, गोळा सारखा झाला की पुन्हा थेंब सुरू. याच टप्प्यावर तेलातलं पाणी उलटून पाण्यातलं तेल होत असतं आणि थेंबांचा आकार इथेच ठरतो. एका क्षणी गोळा अचानक सैल पडतो आणि द्रव पुन्हा वाहू लागतो. त्यानंतर उरलेलं पाणी जरा वेगाने घातलं तरी चालतं.

जमलं असेल तर द्रव पिवळा पण आरपार दिसणारा, कडेला किंचित निळसर झाक असलेला असतो. ताकासारखा पांढुरका-पिवळा झाला तर थेंब मोठे आहेत. मग ट्वीन आणि तेलाचं प्रमाण बदलून बघावं लागतं: 1 ला 1, 2 ला 1, 3 ला 1 अशा छोट्या छोट्या 10 ग्रॅमच्या चाचण्या करा आणि कुठलं नितळ राहतं ते वहीत लिहा. तुमच्या लॉटच्या ट्वीनला आणि तेलाला जुळणारं प्रमाण तुम्हालाच काढावं लागतं, माझे आकडे हा फक्त आरंभबिंदू आहे. ट्वीन मात्र एकूण जेलच्या 4-5 टक्क्यांपुढे नेऊ नका, त्वचा चिकट आणि कोरडी वाटते.

तिसरी पायरी, जेल. झँथन कोरडं कधीच पाण्यात टाकायचं नाही, पिठल्यात बेसन पेरताना होतात तशा गुठळ्या होतात आणि त्या मोडत नाहीत. आधी ते ग्लिसरीनमध्ये कालवून पातळ लगदा करा, मग तो ढवळत्या पाण्यात सोडा. फायटेट आणि कोरफड पावडर पाण्यात आधीच विरघळवलेली असावी. अर्धा तास फुगू द्या. शेवटी फिनॉक्सीइथेनॉल आणि इथाइलहेक्सिलग्लिसरीन एकत्र करून 40 अंशांच्या खाली घाला.

चौथी पायरी. दोन्ही भाग खोलीच्या तापमानाला आल्यावर नॅनोइमल्शन जेलमध्ये तीन-चार वेळा थोडं थोडं करून मिसळा. हळू ढवळा, हवा भरली की निघता निघत नाही. पीएच बघा आणि सायट्रिक आम्लाच्या थेंबांनी 5 ते 5.5 च्या मध्ये आणा. त्वचेचा स्वतःचा पीएच साधारण 4.5 ते 5.5 असतो, आणि कर्क्युमिनही आम्लाच्या बाजूला सुखात राहतं. तटस्थ द्रावणात, शरीराच्या तापमानाला, ते अर्ध्या तासात बहुतेक मोडून जातं. रात्रभर झाकून ठेवा, सकाळी पीएच पुन्हा बघा, मग भरा.

भरायचं ते बरणीत नको. बोट घातलं की जंतू गेले. अपारदर्शक एअरलेस पंप किंवा आतून लॅकर असलेली अ‍ॅल्युमिनियमची ट्यूब घ्या.

प्रिझर्व्हेटिव्हबद्दल

'आमच्यात केमिकल नाही' असं म्हणणारं, पाणी असलेलं कोरफडीचं जेल म्हणजे बुरशीला आमंत्रण, आणि जून ते सप्टेंबर आपल्याकडची हवा तिला मदत करते. गगनबावड्याकडून येणारा पाऊस आठवडाभर उघडत नाही तेव्हा तर विचारू नका. प्रिझर्व्हेटिव्ह लागतंच.

ट्वीनमुळे इथे एक पेच पडतो. ट्वीनचे सूक्ष्म पुंजके पॅराबेनसारख्या प्रिझर्व्हेटिव्हला स्वतःत ओढून घेतात, मग पाण्यात जंतूंशी लढायला कमी उरतं. प्रमाण कागदावर बरोबर असूनही बुरशी येते ती यामुळे. फिनॉक्सीइथेनॉलची कमाल मर्यादा 1 टक्का आहे, त्यामुळे वाढवत बसता येत नाही. म्हणून सोबत इथाइलहेक्सिलग्लिसरीन आणि फायटेट. तरीही विक्रीआधी चॅलेंज टेस्ट करून घ्याच: जेलमध्ये मुद्दाम जिवाणू आणि बुरशी सोडतात आणि 28 दिवस त्यांची संख्या कशी घटते ते मोजतात. खर्चिक आहे, पण एवढ्याशिवाय बाकीचं सगळं अंदाजपंचे.

नॅनो झालं, हे कसं कळणार?

निळसर झाक हा इशारा आहे, पुरावा नव्हे. लेझर पॉइंटरची रेघ द्रवात दिसली की 'नॅनो झालं' म्हणणारे व्हिडिओ आहेत. पाणी घातलेल्या दुधातही ती रेघ दिसते.

मोजायचं ते डीएलएस (डायनॅमिक लाइट स्कॅटरिंग) यंत्रावर. थेंबांच्या हालचालीने विखुरलेल्या प्रकाशात जे चढउतार होतात, त्यावरून ते आकार काढतं. शिवाजी विद्यापीठात नॅनोसायन्सचा स्वतंत्र विभाग आहे, शहरात आणि वारणानगरला फार्मसी कॉलेजं आहेत. यंत्र चालू आहे का, बाहेरचे नमुने घेतात का आणि शुल्क किती, हे आधी फोन करून विचारा, मगच नमुना घेऊन जा. नमुना द्यायचा तो नॅनोइमल्शनचा, जेलमध्ये मिसळण्याआधीचा. झँथनच्या लांब साखळ्या वाचनात ढवळाढवळ करतात. गाळलेल्या डिस्टिल्ड पाण्यात सुमारे 100 पट पातळ करून द्या आणि किती पट केलं ते चिठ्ठीवर लिहा.

अहवालात दोन आकडे बघा. सरासरी आकार 200 नॅनोमीटरच्या खाली, आणि पीडीआय 0.3 च्या खाली. पीडीआय म्हणजे थेंब एकसारखे आहेत की लहान-मोठे. सरासरी 90 आली पण पीडीआय 0.6 असेल, तर त्या सरासरीला अर्थ नाही. झीटा पोटेन्शियल, म्हणजे थेंबांवरच्या विद्युतभाराचं माप, शून्याच्या जवळ आलं म्हणून रडू नका. ±30 मिलिव्होल्टचा जो दंडक सांगतात तो विद्युतभारावर टिकणाऱ्या इमल्शनसाठी. ट्वीनवर विद्युतभार नसतो, त्याच्या लांब शेपट्याच थेंबांना एकमेकांपासून लांब ठेवतात.

पहिल्या दिवशीचा आकडा छापून मोकळे होऊ नका. महिन्याने आणि तीन महिन्यांनी त्याच बॅचचा नमुना पुन्हा द्या. लहान थेंबांतलं तेल पाण्यातून मोठ्या थेंबांत सरकत जातं आणि आकार हळूहळू वाढतो. सुगंधी तेलं पाण्यात किंचित विरघळतात, म्हणून त्यांच्यात हे फार वेगाने होतं. वासासाठी लव्हेंडर वगैरे घालणार असाल तर ते एमसीटीत मिसळूनच घाला, आणि कमी घाला.

टिकतं का

घरच्या घरी होणाऱ्या तपासण्या आधी. तीन ट्यूब फ्रिजमध्ये, तीन खोलीत, तीन 45 अंशांवर. फ्रिज आणि 45 अंश यांच्यात 24-24 तासांची अदलाबदल सहा वेळा करा. थर वेगळे झाले, तेल सुटलं, रंग उडाला, पीएच अर्ध्या अंकाने सरकला, तर ती बॅच बाद. सेंट्रिफ्यूज मिळालं तर मिनिटाला 3000 फेऱ्यांवर अर्धा तास फिरवा. रीतसर चाचणी 40 अंश आणि 75 टक्के आर्द्रतेच्या कपाटात होते, तीन ते सहा महिने.

एप्रिलमध्ये बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ट्यूब काय सोसते याचा विचार कुणी करत नाही. गाडीतून माल नेणार असाल तर एक ट्यूब मुद्दाम तिथे ठेवून बघा.

त्वचेवर

आधी स्वतःच्या हाताच्या आतल्या बाजूला, कोपराजवळ, रुपयाएवढ्या जागेत दिवसातून दोनदा, सलग सात दिवस. लाल झालं, खाज सुटली, पुरळ आलं तर थांबवा आणि धुवा. मग चार-पाच ओळखीच्या प्रौढ माणसांवर, त्यांना सगळे घटक सांगून. लहान मुलं, गरोदर बाया आणि आधीच इसब असलेले लोक यात नकोत. भारतात सौंदर्यप्रसाधनांच्या प्राण्यांवरच्या चाचण्यांना 2014 पासून बंदी आहे, तेव्हा सशावर बघू वगैरे विसरा. विकायच्या मालासाठी आयएस 4011 या भारतीय मानकाप्रमाणे सुरक्षितता तपासणी प्रयोगशाळेतून करून घ्यावी लागते.

काष्ठौषधींच्या दुकानात 'डागांवर रामबाण' म्हणून बावची देतात. ती या जेलमध्ये नको. तिच्यातलं सोरालेन उन्हात त्वचा भाजतं, आणि नॅनोइमल्शन ते अधिक चांगलं पोहोचवतं. लिंबू-संत्र्याच्या सालीची दाबून काढलेली तेलंही त्याच कारणाने टाळा.

परवाना आणि लेबल

स्वतःसाठी करा, मैत्रिणीला वाढदिवसाला द्या, प्रश्न नाही. पैसे घेऊन विकायचं ठरलं की औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा 1940 आणि सौंदर्यप्रसाधने नियम 2020 लागू होतात. इन्स्टावरून विकलं म्हणून सुटका नाही. अर्ज सीओएस-5 नमुन्यात, परवाना सीओएस-8 मध्ये, आणि तो देतं राज्याचं अन्न व औषध प्रशासन. त्यासाठी स्वतंत्र जागा आणि पात्र तांत्रिक व्यक्ती लागते, डी. फार्म. किंवा रसायनशास्त्र घेऊन शिकलेली. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर परवाना मिळत नाही.

एवढी गुंतवणूक झेपत नसेल तर परवानाधारक कारखान्यात आपला माल बनवून घ्यायचा. त्यासाठी लोन लायसन्स असतं, अर्ज सीओएस-6 आणि परवाना सीओएस-9. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या एमआयडीसींत चौकशी करून बघा, पण कारखान्याला सौंदर्यप्रसाधनांचा परवाना आहे का ते कागदावर बघून घ्या. 'भावा, टेन्शन नको' हे उत्तर पुरेसं नाही. आयुर्वेदिक म्हणून विकायचं असेल तर वाट वेगळी, आयुषच्या नियमांखालचा परवाना लागतो.

कुठलाही घटक घालण्याआधी आयएस 4707 चे दोन्ही भाग चाळा, कशावर बंदी आणि कशाला मर्यादा ते त्यात आहे. तयार मालात जड धातू शिशाच्या हिशेबात 20 पीपीएमच्या आत, आर्सेनिक 2 पीपीएमच्या आत, आणि जिवाणूंची एकूण संख्या ग्रॅमला 1000 च्या आत हवी.

लेबलवर नाव, उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, निव्वळ वजन, वापरण्याची अंतिम मुदत आणि घटकांची यादी. 'मुरुम बरे करतं', 'सोरायसिसवर गुणकारी' असं लिहिलंत की ते औषध ठरतं आणि वेगळाच परवाना लागतो. 'त्वचा मऊ ठेवतं' एवढं लिहा. 'नॅनो' शब्द छापणार असाल तर डीएलएसचा अहवाल फायलीत हवा, कुणी विचारलं तर दाखवायला.

प्रत्येक बॅचच्या दोन ट्यूब, बॅच क्रमांक आणि तारीख लिहून, मुदत संपेपर्यंत अंधाऱ्या कपाटात बाजूला ठेवा. तक्रार आली की गिऱ्हाईकाची ट्यूब आणि ही ट्यूब शेजारी ठेवून आधी रंग आणि पीएच बघायचा. दोन्ही बिघडल्या असतील तर ती सगळी बॅच दुकानांतून परत मागवा. फक्त त्याचीच बिघडली असेल तर ती उन्हात राहिली होती का, ते विचारा.